तानपुरा काळी पाचला लावा आणि पियानोचं झाकण बंद करा

प्रश्न असा आहे: बावीस जणांचा हौशी गायकवृंद, त्यातले जवळजवळ निम्मे हिंदुस्तानी शास्त्रीय शिकलेले. मॉर्टन लॉरिडसन यांच्या 'माद्रिगाली'मधलं पहिलं आणि चौथं गाणं बसवायला घेतलंय. पियानो सोबत असला की सगळं जागेवर येतं. पियानो थांबला की दोन पानांतच सूर उतरतो. आणि पहिल्याच शब्दावरचा स्वरसमूह 'कोणीतरी चुकतंय' असा ऐकू येतो. शेवटी तुम्ही विचारलंय, ही रचना आमच्यासारख्यांसाठी नाहीच का?

मी बरीच वर्षं समूहगान बसवतोय आणि ही रचना दोनदा बसवली आहे. पहिल्यांदा नेमका तुमचाच अनुभव आला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही दोन तक्रारी लिहिल्यात. एक, सूर उतरतो. दोन, पहिली कॉर्ड, म्हणजे पहिल्या शब्दावर एकत्र लागणारा तो स्वरसमूह, चुकीची वाटते. माझ्या मते ही तक्रार एकच आहे. कॉर्ड चुकीची वाटते, म्हणून प्रत्येक जण तिच्यातून हळूच अंग काढून घेतो, आणि त्या अंग काढून घेण्यातच सूर खाली जातो. 'सूर वर ठेवा, वर ठेवा' असं तालमीत कितीही सांगितलंत तरी उपयोग होणार नाही. आधी ती कॉर्ड कानाला पटली पाहिजे.

ज्यांना ही रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लॉरिडसन हे अमेरिकी संगीतकार, जन्म 1943 चा. 1987 मध्ये त्यांनी हे सहा गाण्यांचं चक्र लिहिलं, वाद्यांशिवाय, नुसत्या आवाजांसाठी. कविता इटलीतल्या रेनेसान्स काळातल्या, आणि सहाही कवितांत प्रेमाची आग आहे. म्हणूनच याला 'अग्निगीतं' असं उपशीर्षक आहे. यातल्या काही कवितांवर त्या काळात माद्रिगाल, म्हणजे इटालियन कवितेवरची अनेक आवाजांची गाणी, रचले गेले होते. पाचवी कविता, 'लूची सेरेने ए क्यारे', हिला दिलेलं संगीत जेझुआल्दो या संगीतकाराने 1596 मध्ये आणि मॉन्तेव्हेर्दी या संगीतकाराने 1603 मध्ये छापलं. सहावी मॉन्तेव्हेर्दींच्या 1587 च्या पहिल्या पुस्तकात आहे. म्हणजे लॉरिडसन यांनी जुन्या शैलीची नक्कल केली असं नाही. त्याच शब्दांना त्यांनी चारशे वर्षांनी पुन्हा हात घातला. (तरुणपणी ते वनखात्यात वणवे विझवायचं काम करत आणि टेहळणीच्या मनोऱ्यावर एकटे राहत. या गाण्यांशी त्याचा संबंध जोडायचा मोह मला दर वेळी होतो. पण आपण स्वरांकडे वळू.)

सगळं चक्र एका कॉर्डवर उभं आहे. लॉरिडसन तिला 'फायर कॉर्ड' म्हणतात. बी फ्लॅट मायनर, त्यात जास्तीचा सी. आपल्या भाषेत सांगायचं तर काळी पाचचा (हार्मोनियमच्या पाचव्या काळ्या पट्टीचा) सा, कोमल ग, प, आणि त्यांत शुद्ध रे. पहिल्या गाण्याच्या पहिल्याच शब्दाला ती येते आणि पुढे सहाही गाण्यांत वेगवेगळ्या रूपांत परत परत भेटते. रे आणि कोमल ग यांच्यात जेमतेम अर्ध्या स्वराचं अंतर, आणि दोघं एकाच वेळी वाजतात. आपल्या कानाला ते घासतं. ते घासायलाच हवं, कारण आग तिथेच आहे. पण 'घासणं' वेगळं आणि 'बेसूर असणं' वेगळं, आणि नेमका हाच फरक पियानो तुम्हाला ऐकू देत नाही.

कारण साधं आहे. पियानोवर सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले असतात. तिथला कोमल ग सा पासून 300 सेंट वर असतो. (एका अर्ध्या स्वराचे 100 सेंट धरतात.) पण सा शी आणि प शी खरा जुळणारा कोमल ग, 6:5 प्रमाणातला, सुमारे 316 सेंटवर असतो. म्हणजे पियानोपेक्षा 16 सेंट चढा. तुमच्या ऑल्टो (बायकांचा खालचा आवाज) किंवा ज्या कोणाकडे तो ग असेल त्यांनी तो पियानोवरून शिकलाय, म्हणजे उतरलेला शिकलाय. उतरलेला ग रे च्या आणखी जवळ सरकतो आणि घासणं गढूळ होतं. प गाणाऱ्यांना ग बरोबर जुळत नाही, मग ते थोडे खाली येतात. सा वाले त्यांच्यामागे जातात. अशा चार-पाच कॉर्ड झाल्या की सगळा वृंद काळी पाच सोडून काळी चारच्या वाटेला लागलेला असतो. तोपर्यंत कोणीही एकदाही ढोबळ चूक केलेली नसते.

इथे तुमचे शास्त्रीय शिकलेले गायक तुमची अडचण नाहीत, तुमचं भांडवल आहेत. कोमल ग एका जागी खिळलेला नसतो हे त्यांना सांगावं लागत नाही. दरबारीचा ग कुठे आणि भीमपलासीचा कुठे, हे त्यांच्या गळ्यात आहे. त्यांना एवढंच सांगा की इथे दरबारीचा अतिकोमल, आंदोलित ग नको. स्थिर, उजळ, चढा ग हवा.

मी ती कॉर्ड कशी बांधतो ते सांगतो. तानपुरा काळी पाचला, पहिली तार प. अॅप चालेल. आधी बास (पुरुषांचा खालचा आवाज) फक्त सा धरतात, 'ओ' वर, मध्यम आवाजात. मग टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) प. हा पंचम आपल्या लोकांना लगेच लागतो, कारण तानपुऱ्यात तो रोज ऐकलेला असतो. आता सोप्रानोंना (बायकांचा वरचा आवाज) रे द्यायचा, पण सा पासून मोजून नाही. त्यांना टेनरचा प ऐकायला सांगा आणि त्या प ला सा मानून त्याच्यावरचा प गायला सांगा. तोच तुमचा रे. सा चा पंचम प, आणि प चा पंचम रे. एकावर एक दोन पंचम उभे राहिले की रे कोणाला उपरा वाटत नाही. ऑल्टोंना तोपर्यंत गप्प ठेवा.

हे तीन स्वर नीट जुळले की एक गोष्ट घडते, ती वृंदाला ऐकवल्याशिवाय पुढे जाऊ नका. सा आणि प यांच्याखाली, सप्तकभर खाली, एक मंद सा ऐकू यायला लागतो. तो कोणीच गात नसतं. दोन स्वर शुद्ध प्रमाणात जुळले की कानात त्यांच्या फरकाचा तिसरा स्वर उमटतो. ज्यांनी नुसता एकट्याने रियाज केलाय त्यांना समूहगान का गायचं हे त्या क्षणी कळतं. गेल्या वेळी आमच्याकडच्या एका टेनरने मध्येच गाणं थांबवून मागे वळून पाहिलं होतं, बासमध्ये कोण एवढं खाली गातंय म्हणून.

आता ऑल्टो. ग खालून चढत घ्यायचा नाही. मनात आधी वरून ऐकायचा आणि अलगद ठेवायचा. आणि त्यांना एक मूर्च्छना सांगा: तुमचा ग हाच तुमचा सा माना. मग टेनरचा प तुम्हाला शुद्ध ग सारखा ऐकू येईल. तो गोड, पूर्ण तीव्रतेचा शुद्ध ग ऐकू आला की तुम्ही जागेवर आहात. याच चार स्वरांत असं दुसरं घर लपलेलं आहे, आणि त्यामुळेच ही कॉर्ड एकाच वेळी दुःखी आणि उबदार लागते.

यात एक धोका आहे. ऑल्टोंच्या या घरात सोप्रानोंचा रे हा नी होतो, आणि नी ला वर सा कडे खेचलं जाण्याची सवय असते. सोप्रानो नकळत चढायला लागतात. म्हणून सोप्रानोंना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं: तुम्ही ऑल्टोंकडे ऐकू नका, टेनरकडे ऐका. तुम्ही प च्या प आहात. कोणी कोणाचं ऐकायचं हे ठरवून देणं, हे अशा रचनेत संचालकाचं निम्मं काम आहे.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, पण तुमच्या वृंदात ती असणारच. पहिल्या गाण्याचा पहिला शब्द 'ओव्हे', म्हणजे 'कुठे आहे'. सुरुवातच स्वराने होते, आधी आधाराला व्यंजन नाही. शास्त्रीय शिकलेला गळा अशा वेळी सवयीने कण लावतो. खालच्या स्वराला स्पर्श करून वर येतो किंवा छोटीशी मींड घेतो. एकट्या गाण्यात ते सौंदर्य आहे. इथे बावीस जणांचे बावीस कण बावीस वेगवेगळ्या जागांवरून आले, तर कॉर्डचा पहिला अर्धा सेकंद धूर होतो, आणि ऐकणाऱ्याला तोच अर्धा सेकंद आठवतो. कण घेऊ नका असं सांगून तो थांबत नाही. मी असं करतो: सगळ्यांनी श्वास घेतानाच 'ओ' चं तोंड करायचं आणि श्वास घेतानाच स्वर मनात गायचा. आवाज मग फक्त चालू होतो, चढत नाही.

उच्चारांत मराठी माणसाला फार मोठा फायदा आहे आणि आपण तो वाया घालवतो, कारण आपण इटालियन इंग्रजीतून वाचतो. इटालियन 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दंत्य आहेत. प, त, क यांना हवा जोडायची नाही, हेही आपल्याला आयतं येतं. जोडाक्षरं आपण रोज बोलतो, त्यामुळे 'फ्यम्मा' मधला दुहेरी म आपल्याला जड नाही. आणि आपल्याकडे दोन च आहेत! 'दोल्चे' मध्ये चिमणीतला च, आणि 'सेन्त्सा' सारख्या शब्दात जवळजवळ चमच्यातला च. हा फरक इतरांना महिनाभर घोकावा लागतो. मात्र इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या शेवटच्या ए आणि ओ वर नजर ठेवा. 'कोरे' चा 'कोरेइ' झाला की उच्चारातला स्वर बदलतो, आणि तो बदलला की सूर जुळलेला असूनही कॉर्ड फाटते. सगळा मजकूर प्रत्येकाने आधी देवनागरीत स्वतःच्या हाताने लिहून आणावा. आमच्याकडे हा नियमच आहे.

दुसरी सवय समेची. माद्रिगाल पहिल्यांदा छापले गेले ते 1530 च्या दशकाच्या आसपास, इटलीत. तेव्हा गाणाऱ्यांच्या हातात आजच्यासारखी सगळे आवाज एकाखाली एक मांडलेली प्रत नसायची. प्रत्येकाकडे फक्त आपल्या आवाजाची पुस्तिका, तीही मात्रांच्या उभ्या रेघांशिवाय. चार-पाच जण टेबलाभोवती बसून गायचे, आणि दुसरा काय गातोय हे फक्त कानाने कळायचं. जोर पडायचा तो शब्दावर, रेघेवर नाही. लॉरिडसन यांच्या रचनेत रेघा आहेत, पण मोजमाप सारखं बदलतं, आणि ते शब्दासाठीच बदलतं. ताल घट्ट असलेले गायक प्रत्येक रेघेनंतर नकळत सम देतात. मग एकामागून एक येणारे आवाज, ज्यांनी आपापल्या शब्दावर उठायला हवं, ते सगळे एकाच जागी आदळतात. एका तालमीत हात द्यायचंच थांबवा. सगळ्यांना फक्त आपली ओळ बोलायला सांगा, गोष्ट सांगितल्यासारखी, आणि बोलताना जो जोर पडला तोच गाताना ठेवायला सांगा.

चौथ्या गाण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण चक्राची कमान तिथे शिखरावर जाते, आणि तुम्ही लिहिलंय की तिथे गायक 'रडके' गातात. 'इओ प्यांगो' म्हणजे 'मी रडतो'. कवितेचा आशय असा: मी रडतो, कारण दुःखच मला रडवतं, या जळण्यावर मला दुसरा उपाय सापडत नाही. प्रेमाने माझी अशी गत केली आहे की मी सतत यातनेत असतो. पण जितका जास्त रडतो तितकं दुखणं कमी होतं. काय हे क्रूर, न ऐकलेलं दैव, की गप्प राहणं मला मरण देतं आणि रडणं जीवन!

शेवटच्या ओळीवर वृंदाशी नीट बोला. हा माणूस रडून कोसळत नाहीये. रडण्याने तो जगतोय. म्हणजे आवाजात हुंदका आणायचा नाही, आवाज तगवून धरायचा आहे. जुन्या माद्रिगालकारांनी रडणं, उसासा, मरण हे सगळं गायकाच्या गळ्यातून काढून स्वररचनेत घातलं. 'उसासा' या शब्दाआधी ते छोटी विश्रांती लिहायचे, आणि तो तुटलेला श्वासच उसासा व्हायचा. लॉरिडसन तेच करतात. दुःख त्या रे आणि ग च्या घासण्यात आधीच लिहिलेलं आहे. तुम्ही ते पुन्हा गळ्यातून काढलंत, आवाज हलवलात, तर रे आणि ग दोन्ही थरथरतात आणि घासणं ऐकूच येत नाही. सरळ, आधार असलेला, न हलणारा आवाज. आणि हळू जागी जास्त श्वास. हळू गाताना पोट सोडून देणं हे सूर उतरायचं दुसरं मोठं कारण आहे. माझ्या अनुभवात मोठ्या आवाजात वृंद फारसा उतरत नाही, उतरतो तो नेहमी मृदू जागी.

आता जे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे ते. बावीसपैकी पुरुष किती, हे तुम्ही लिहिलं नाही. या रचनेत चार आवाजांची आणखी विभागणी होते. विभागलेल्या प्रत्येक आवाजात निदान दोन-तीन जण नसतील, तर कोणीही श्वास घेतला की कॉर्डला भोक पडतं. खालचे स्वर आरामात गाणारे चार बास नसतील तर यंदा ही रचना करू नका. शास्त्रीय शिकलेल्या बायकांना काळी चार-पाचच्या पट्टीत छातीच्या आवाजात गायची सवय असते. त्यांना सरळ सोप्रानोत टाकलंत तर त्या वरच्या जागी जोर लावून गातील. त्यातल्या बऱ्याच जणी उत्कृष्ट ऑल्टो होतात. ज्यांना सोप्रानो गायचंय त्यांना डोक्यातला आवाज बसायला काही महिने द्यावे लागतात. कार्यक्रमाला किती दिवस आहेत, यावर हे ठरेल.

जागाही महत्त्वाची. आपली बहुतेक नाट्यगृहं बोलणं स्पष्ट ऐकू यावं म्हणून बांधलेली आहेत, आवाज तिथे लगेच शोषला जातो. तिथे शेजारचा ऐकू येत नाही आणि सूर हमखास उतरतो. दगडी चर्च, जुना उंच छताचा दिवाणखाना, शाळेचा रिकामा हॉल, काहीही चालेल. गोव्यातले माझे सहकारी या बाबतीत सुदैवी आहेत. तिथल्या चर्चांत आवाज हवेत राहतो, आणि मांडो, म्हणजे तिथली कोंकणी गाणी, ऐकत वाढलेल्या लोकांना दुसऱ्या आवाजाला धरून चालणं लहानपणापासून येतं. माइक लावू नका. आणि आवाजांचे गट करून उभे करण्याऐवजी सोप्रानो-ऑल्टो-टेनर-बास अशा चौकड्या करून अर्धवर्तुळात उभे करा. दोन तालमी गोंधळ होईल, मग कान उघडतील.

पहिल्या वेळचा माझा अनुभव सांगायलाच हवा. चार गाणी संपेपर्यंत आम्ही जवळजवळ अर्धा स्वर उतरलो होतो. मी ठरवल्याप्रमाणे पाचव्या गाण्याचा स्वर कीबोर्डवरून दिला. सगळ्या सभागृहाला तो झटका ऐकू आला, आणि गायकांच्या चेहऱ्यावरून कळलं की आपण इतके उतरलो होतो हे त्यांना आत्ता समजलंय. पाचवं गाणं, जे चक्रातलं सगळ्यात प्रेमळ आहे, ते भीतीत गेलं. ती चूक माझी होती, त्यांची नाही. आता मी कीबोर्ड मंचावर ठेवतच नाही. एका ऑल्टोकडे स्वरकाटा असतो, ती तो कानाशी लावून स्वर काढते आणि शेजारच्यांना गुणगुणून देते. आणि आधीचं गाणं थोडंसंच उतरलं असेल तर आम्ही उतरलेल्या जागेवरूनच पुढे जातो. ते ऐकणाऱ्याला खटकत नाही. मध्येच बसलेला झटका मात्र खटकतो.

तर 'आमच्यासाठी आहे का?' याला माझं उत्तर: आहे, पण कदाचित या वर्षी दोन्ही गाणी नाहीत. मी तुमच्या जागी असतो तर पहिले सहा आठवडे लॉरिडसन बाजूला ठेवून आर्कादेल्त या जुन्या माद्रिगालकाराचा 'इल ब्यांको ए दोल्चे चिन्यो' हा चार आवाजांचा माद्रिगाल बसवला असता. मरताना गाणाऱ्या पांढऱ्या हंसाचं गाणं. स्वर सोपे आहेत, पण शेवटी 'दिवसाला हजार मरणं' या शब्दांवर आवाज एकामागून एक येत राहतात, जणू मरणं मोजता येत नाहीत. शब्दाने संगीत कसं घडवायचं, हे त्या एका पानात कळतं. त्याची प्रत कोरल पब्लिक डोमेन लायब्ररीत मोफत मिळते. लॉरिडसन यांच्या प्रती मात्र प्रत्येक गायकासाठी विकत घ्या, झेरॉक्स काढू नका. ज्यांच्या स्वरांवर आपण महिनोन् महिने जगतो त्यांचा तो हक्क आहे.

मग सातव्या आठवड्यात फक्त पहिल्या गाण्याचा पहिला शब्द. तानपुरा, बास, टेनर, सोप्रानो, शेवटी ऑल्टो. एका तालमीत तेवढंच. फोनवर रेकॉर्ड करा, आणि पुरुष किती आहेत व ग कोणाकडे दिलाय हे लिहून मला पाठवा. मी ऐकून सांगतो.